आधी ‘केव्हा’ वाचा, मग ‘किती’

पत्त्यांचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आणि हरल्यावर ‘आज पानंच आली नाहीत’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. मीही तेच म्हणायचो. मग एका रात्री खंजिराने माझा ब्लूप्रिंट खाल्ला आणि नशिबावर ढकलायची सोय उरली नाही.

गेम होता बलात्रो. पोकरचे हात लावायचे, त्यातून चिप्स आणि मल्ट मिळतात, दोन्हींचा गुणाकार झाला की तेवढे तुमचे गुण. सोबत पाच जोकर बाळगता येतात आणि खरी ताकद त्यांचीच. माझ्याकडे सेरेमोनियल डॅगर, म्हणजे खंजीर होता. पुढचा सामना, गेमच्या भाषेत ब्लाइंड, निवडला की हा जोकर आपल्या उजव्या शेजाऱ्याला मारतो आणि त्याच्या विक्रीकिमतीच्या दुप्पट मल्ट कायमचा कमावतो. हे मला पाठ होतं. म्हणून तो मी अगदी उजव्या टोकाला ठेवला होता. शेजारीच नाही, तर मारणार कोणाला? मग दुकानात ब्लूप्रिंट दिसला. उजवीकडच्या जोकरची हुबेहूब नक्कल करणारा, दुर्मीळ, १० डॉलरचा. गेमातले साठवलेले डॉलर मोजले, घेतला आणि खुशीत ब्लाइंड निवडला. आता, विकत घेतलेला जोकर रांगेत उजव्या टोकाला येऊन बसतो. म्हणजे थेट खंजिराच्या शेजारी. १० डॉलरच्या जोकरची विक्रीकिंमत ५, तिची दुप्पट १०. माझ्या पदरात १० मल्ट पडले आणि ब्लूप्रिंट एकही हात न खेळता गेला.

गेमने काही लपवलं नव्हतं. ‘ब्लाइंड निवडल्यावर’ हे वर्णनातले पहिलेच शब्द आहेत. मी ते वाचलेही होते, फक्त डोळे आकड्यावर होते.

खेळताखेळता आपला कॅट आपणच रचायचा ही कल्पना रुजवली डॉनल्ड एक्स. व्हॅक्कारिनो यांच्या डॉमिनियन या २००८ च्या टेबलावरच्या खेळाने. कॉम्प्युटरवर ती घरोघरी नेली ती मेगा क्रिटच्या स्ले द स्पायरने, जो पूर्ण रूपात २०१९ च्या जानेवारीत आला. बलात्रो २०२४ च्या फेब्रुवारीतला. तिन्हींत पानावर किंवा वस्तूवर लिहिलेल्या ओळीत दोन गोष्टी असतात: केव्हा घडणार आणि किती घडणार. आपण ‘किती’ला भुलतो. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला खरं तर हे नव्याने सांगायला नको. हुकूम हातात असणं निराळं आणि तो कोणत्या हाताला टाकायचा हे निराळं.

बलात्रोतली सगळ्यात साधी बेरीज बघा. जोडीचा मूळ मल्ट २. तुमच्याकडे दोन जोकर आहेत, एक ४ मिळवणारा आणि एक तिप्पट करणारा. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. मिळवणारा आधी असेल तर २ आणि ४ सहा, त्याची तिप्पट १८. उलट ठेवलात तर २ ची तिप्पट ६, मग ४ मिळवून १०. तेच जोकर, तीच पानं आणि जवळजवळ निम्मे गुण. त्यामुळे गुणणारे जोकर उजवीकडे सरकवा. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते असं, की जोकरांची रांग सुरू होण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. आधी खेळलेली पानं डावीकडून उजवीकडे मोजली जातात, मग हातात राखलेली पानं, आणि मग जोकर आपापली भर घालतात.

याचे परिणाम दूरवर जातात. फोटोग्राफ नावाचा जोकर पहिल्या चित्राच्या पानाला मल्ट दुप्पट करतो, पण ते पान मोजलं जाताना. समजा फ्लश लावलाय, मूळ मल्ट ४, त्यात बदामचा राजा आहे आणि ४ मल्ट देणारा बदामचा सत्ता आहे. सत्ता राजाच्या डावीकडे असेल तर ४ चे ८ आणि ८ चे १६. राजा आधी आला तर ४ चे ८ आणि मग १२. हातातली पानं खेळण्याआधी बोटाने ओढून हवी तशी लावता येतात, तरी किती तरी जण गेमने लावून दिलेल्या क्रमानेच पानं टाकतात. बॅरनचंही असंच. हातात राखलेल्या प्रत्येक राजामागे तो मल्ट दीडपट करतो, पण हे होतं मधल्या टप्प्यात. त्यामुळे १५ मल्ट देणारा ग्रो मिशेल बॅरनच्या डावीकडे ठेवला काय किंवा उजवीकडे, त्या १५ ला दीडपटीचा स्पर्श होत नाही. बॅरन पोसायचा असेल तर मल्ट खेळलेल्या पानांतून किंवा हाताची पातळी वाढवून आला पाहिजे. हे कळेपर्यंत मी बॅरनला कुचकामी समजून विकत होतो. जोकर पालथे घालून पिसून टाकणारा अंबर एकॉर्न नावाचा बॉस या गेममध्ये उगाच नाही.

स्ले द स्पायरमध्ये वेळेचा हिशेब आणखी चिवट आहे. सुरुवात सोपी. आयर्नक्लॅड या पात्राचं बॅश हे पान ८ चा फटका देतं आणि शत्रूला व्हल्नरेबल करतं, म्हणजे पुढचे फटके दीडपट. स्ट्राइक ६ चा. स्ट्राइक आधी टाकून मग बॅश टाकलात तर १४, बॅश आधी टाकलात तर ८ आणि ९ मिळून १७. पानं टाकायला लागते ती एनर्जी दोन्हीकडे तीनच, आणि पानंही तीच दोन.

विषाचा हिशेब बरेच जण चुकवतात. सायलेंट या दुसऱ्या पात्राने चढवलेलं विष शत्रूची पाळी सुरू होताना लागतं, त्याचा वार पडण्याआधी. शत्रूची १० हेल्थ उरली आहे आणि अंगात विषही १० आहे, तर तो तुमच्यावर हात उचलूच शकत नाही. तिथे त्याच्यासाठी ब्लॉकची, म्हणजे वार अडवणारी पानं टाकणं म्हणजे एनर्जी पाण्यात. त्याचा ब्लॉकही विषाला अडवत नाही. अर्थात दुसरा शत्रू उभा असेल तर त्याचा वार पडणारच, तेवढं बघा.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे येतो. आयर्नक्लॅडकडे बर्निंग ब्लड असतं, लढाई संपली की ६ हेल्थ परत. मीट ऑन द बोन नावाचं रेलिक, म्हणजे सोबत बाळगायची वस्तू, लढाईच्या शेवटी हेल्थ निम्मी किंवा कमी असेल तर १२ देतं. गेम आधी मीट ऑन द बोन तपासतो आणि मग बर्निंग ब्लड देतो. कमाल हेल्थ ८० धरा. ४१ वर लढाई जिंकलात तर ६ मिळून ४७. ४० वर जिंकलात तर १२ आणि ६ मिळून ५८. एक हेल्थ घालवली तर अकराचा फायदा! शेवटचा शत्रू मरायला टेकला असेल आणि तुम्ही ४३ वर असाल, तर त्याचा एक छोटा फटका खाऊन पुढच्या टर्नला मारणं हाच शहाणपणा. क्रम उलटा असता तर ४० चे आधी ४६ झाले असते आणि ते मांस डब्यातच राहिलं असतं.

मोजणाऱ्या वस्तूंमध्ये एक भेद नक्की ओळखा: मोजणी केव्हा पुसली जाते? शुरिकेनला तीन हल्ले एकाच टर्नमध्ये लागतात, टर्न संपला की पाटी कोरी. पेन निब मात्र दहावा हल्ला दुप्पट करताना आकडा पुढच्या लढाईतही नेतो. इन्सेन्स बर्नरही तसाच. दर सहाव्या टर्नला तो तुम्हाला इन्टँजिबल करतो, त्या टर्नला बसणारा प्रत्येक फटका १ चा होतो. पहिल्या अंकाचा बॉस हेक्साघोस्ट पहिल्या टर्नला नुसता जागा होतो आणि दुसऱ्या टर्नला सहा फटके मारतो, तेही तुमच्या हेल्थच्या हिशेबाने. ८० हेल्थ असेल तर प्रत्येकी ७, म्हणजे ४२. बॉस कोण ते नकाशाच्या माथ्यावर आधीच दिसतं. मग त्याच्या आधीची लढाई बर्नर ४ वर असताना संपवा. बॉससमोर पहिला टर्न पाचवा, दुसरा सहावा, आणि ४२ ऐवजी ६. त्यासाठी आधीच्या लढाईत एखाद्या मरतुकड्या शत्रूला एक-दोन टर्न जगू द्यावं लागलं तर द्या.

हे सगळं पाठ करायला मी सांगत नाही. बलात्रोच्या सेटिंगमध्ये गेमचा वेग बदलता येतो. मुरलेले खेळाडू तो ४ वर ठेवतात, तुम्ही काही दिवस १ वर ठेवा आणि कोणता जोकर केव्हा उसळतो ते नुसतं बघा. स्ले द स्पायरमध्ये लढाईच्या मध्येच सेव्ह करून बाहेर पडलात तर परत आल्यावर ती पहिल्यापासून सुरू होते, आणि पानंही तीच येतात. काही जण याला लबाडी म्हणतात. शिकताना मी ती बिनदिक्कत करतो. एकदा या क्रमाने खेळून बघा, एकदा त्या.

आणि दुकानातून नवा जोकर घेतलात की ब्लाइंड निवडण्याआधी रांगेकडे एक नजर टाका. जोकर इकडून तिकडे ओढायला पैसे पडत नाहीत.