‘उद्देश एकच, मार्ग वेगळे’ : या उत्तराला गुण मिळत नाहीत!

आपल्या वर्धा जिल्ह्यात २ ऑक्टोबर असो की १४ एप्रिल, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : “गांधीजी आणि बाबासाहेब, दोघांचा उद्देश एकच होता, फक्त मार्ग वेगळे होते.” टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरंपोरीही असतात. आमचा सवाल त्यांनाच आहे. अभ्यासिकेत जे शिकता ते सभेत का विसरता?

सीसॅटचा पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा. त्यातल्या तर्काच्या प्रश्नांसाठी तुम्ही एक सवय लावून घेता. दोन वक्ते आले की आधी दोघांचे निष्कर्ष शोधायचे, मग कारणे, मग मतभेद नेमका कुठे आहे ते. शेवटी पाहायचे की दुसऱ्याने पहिल्याला उत्तर दिले की विषयच बदलला. वक्ता किती थोर, हे तिथे कोणी विचारत नाही.

हीच रीत १९३६ च्या वादाला लावून पाहा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणातला मजकूर पचला नाही आणि अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्याच वर्षी आपल्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेल्या गांधींनी ‘हरिजन’च्या ११ आणि १८ जुलैच्या अंकांत त्याचा समाचार घेतला. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत प्रत्युत्तर दिले.

पहिला वक्ता, बाबासाहेब. त्यांचा निष्कर्ष असा की जात मोडायची तर तिच्यामागचे शास्त्रांचे पावित्र्य मोडावे लागेल. कारण लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर श्रद्धाळू आहेत म्हणून. चातुर्वर्ण्यही नको, नवी रचना स्वातंत्र्य, समता, बंधुतेवर हवी.

दुसरा वक्ता, गांधी. ते म्हणतात, जातीचा धर्माशी संबंध नाही. स्मृतींत मागाहून घुसडलेला मजकूर आहे, म्हणून बाबासाहेबांनी दिलेली वचने प्रमाण नाहीत. वर्ण म्हणजे वडिलोपार्जित व्यवसायावर पोट भरणे, आणि सगळे व्यवसाय समान. धर्म पारखायचा तो ज्ञानदेव, तुकाराम अशा उत्तम नमुन्यांवरून.

आता तपासा. पहिल्याचा मुद्दा आहे, लोक काय मानतात. दुसरा उत्तर देतो, खरा ग्रंथ काय सांगतो. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याचे! बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले. सामान्य माणूस मूळ श्लोक आणि घुसडलेला श्लोक वेगळा करत बसत नाही. त्याला जे शिकवले तेच त्याचे शास्त्र. संतांबद्दल ते म्हणाले की संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली जात मोडायला ते उठले नाहीत. आणि उत्तम नमुने मूठभर आणि वाईट असंख्य का, याचे उत्तर गांधींनी दिलेच नाही.

वर्णाबद्दल तर बाबासाहेबांनी गांधींचेच उदाहरण घेतले. वाण्याच्या घरी जन्मून ते बॅरिस्टर झाले; धाकट्या मुलाने ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न केले आणि वृत्तपत्रात नोकरी धरली. हा व्यक्तिगत हल्ला आहे का? नाही. नियम सांगणाऱ्याच्याच घरात तो पाळता येत नसेल, तर तो नियमाविरुद्धचा पुरावा ठरतो.

म्हणजे मतभेद कुठे आहे? एकाला वर्ण शुद्ध करून ठेवायचा होता, दुसऱ्याला तो मुळासकट काढायचा होता. याला ‘मार्ग वेगळे’ म्हणत नाहीत. मुक्कामच वेगळा होता!

यावर काही मंडळी म्हणतील, गांधी पुढे बदलले, १९४० च्या दशकात ते अस्पृश्य-सवर्ण विवाहांच्या बाजूने उभे राहिले. खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण उद्देश पहिल्यापासून एकच होता, तर बदलले काय? हा आक्षेप त्यांच्याच वाक्याला खोटे पाडतो.

आता आपल्यातल्या काहींना. गांधींना शिव्या घालणारी पोस्ट फॉरवर्ड केली म्हणजे वाद जिंकला, असे समजू नका. बाबासाहेबांनी आधी समोरच्याचे म्हणणे मांडले, मग एकेक मुद्दा खोडला. गांधींचा लेखही त्यांनी आपल्याच पुस्तकात परिशिष्ट म्हणून छापला. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या इंग्रजी पहिल्या खंडात दोन्ही बाजू आहेत. शिवी देणाऱ्याला हे वाचावे लागत नाही. उत्तर देणाऱ्याला वाचावेच लागते.

हा सवाल जुन्या कागदांपुरता नाही. आजही आंतरजातीय लग्नावरून कुणाला मारले की लगेच ऐकू येते, “खरा धर्म असे शिकवत नाही.” १९३६ चाच डाव! तेव्हा एवढेच विचारा, मारणाऱ्याला कोणता धर्म शिकवला होता आणि कोणी शिकवला?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की गुरू पूज्य आहे म्हणून त्याचे म्हणणे स्वीकारू नका. अभ्यासिकेतली ही ताकद चार गुणांत संपवू नका. पुढच्या सभेत ते वाक्य आले की टाळी वाजवू नका. हात वर करा आणि विचारा, “कोणता उद्देश? कोणत्या पानावर?”

जयभीम!