गाडीचे डावे-उजवे

लंडनला जाऊन आलेली मंडळी एक तक्रार हमखास घेऊन येतात. तिथल्या भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन म्हणे एरवी डाव्या अंगाने धावते आणि वॉरन स्ट्रीट ते किंग्ज क्रॉस एवढ्यातच उजव्या अंगाने. 'साहेबाने नकाशा उलटा धरला होता वाटतं!' असे म्हणून ते हसतात, आणि चहा माझ्या पैशाने पितात.

मला या हसण्याचा संताप येतो. मी कॉमर्सचा पदवीधर, डावे-उजवे हाच आमचा वेदान्त. पण जुन्या पद्धतीच्या ताळेबंदात आमची देणी डावीकडे नि मालमत्ता उजवीकडे, अमेरिकेत बरोबर उलट. बेरीज दोघांचीही जुळते. तेव्हा बाजूचे सोवळे मला सांगू नका. उतारूला जायचंय कुठे, ते बघा!

मधे लागते यूस्टन. तिथे नॉर्दर्न लाइनची एक शाखा आधीपासूनच होती, बँक नावाच्या स्टेशनावरून येणारी (या नावाबद्दल मला उगीचच आपुलकी). गंमत अशी, की यूस्टनला ही शाखा उत्तरेला जायचे म्हणून पश्चिमेकडे निघते आणि व्हिक्टोरिया लाइन उत्तरेलाच जायचे म्हणून पूर्वेकडे. एका घरातल्या दोन जावाच म्हणा ना.

आता व्हिक्टोरिया लाइनने डावी बाजू सोडलीच नसती, तर कॅम्डनहून आलेला बापडा फलाटावर उतरून समोर बघतो तो काय, किंग्ज क्रॉसची गाडी! अहो, ज्या गाडीतून तो उतरला तीही किंग्ज क्रॉसलाच चालली होती. त्याला हवे ऑक्सफर्ड सर्कस. त्यासाठी त्याने पिशव्या सावरत जिने चढायचे-उतरायचे. १९६८ साली हा टप्पा सुरू करणाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. बोगदे एकमेकांवरून नेले, बाजू बदलल्या. आज तो उतारू फलाट ओलांडतो नि समोरच्या गाडीत बसतो. त्याला उत्तर-दक्षिण ठाऊक नसली तरी चालते.

सगळ्याच अदलाबदली इतक्या परोपकारी नाहीत, हे खरे. व्हाइट सिटीला सेंट्रल लाइन उजवीकडून धावते, ती १९०८ च्या फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शनासाठी घातलेल्या वळशाच्या पुण्याईने. प्रदर्शन कधीच आवरले, वळण राहिले. तिथे खुशाल हसा.

पण यूस्टनला हसणाऱ्यांनी एकदा आमच्या शाखेत यावे. मी खिडकीआड बसतो म्हणून सांगतो, आमच्याकडे कागद जागचा हलत नाही, खातेदार हलतो. सही चार नंबरला, पैसे नऊ नंबरला, मधे खांब नि पाण्याचा पिंप. या दोन खिडक्या शेजारी-शेजारी घ्या, असे मी साहेबांना सुचवले. साहेब म्हणाले, "वायरिंग बदलावं लागेल हो." तिकडे जमिनीच्या पोटात बोगदे हलवले, इथे वायर हलेना! पेन्शनवाले आजोबा अजून काठी टेकत चारवरून नऊवर जातात, आणि टोकन चारवरच विसरतात.