चालती वही

मुलांना कोडिंगचा क्लास लावावा का, हा प्रश्न आता आपल्या घरांतही जेवणाच्या वेळी निघतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या वर्गांसाठी कोडिंगचा उल्लेख आला आणि त्याच सुमारास क्लासवाल्यांचे फोनही घरोघरी सुरू झाले. फीचा आकडा ऐकून अब्बू गप्प होतात. अम्मी म्हणते, शेजारच्यांनी तर लावलाय. आपले मूल मागे पडेल ही भीती मोठी असते, आणि भीतीपोटी भरलेली फी सहसा जास्तच असते.

कोणता क्लास चांगला, हे आम्ही सांगणार नाही. कोडिंग शिकवण्याचे उत्तम साहित्य जगात पुष्कळ ठिकाणी फुकट आणि खुले ठेवलेले आहे. ते कसे तयार होते आणि आपल्या भाषेत आणायला काय लागते, एवढेच या वेळी पाहू.

या साहित्याचा मोठा भाग ‘ज्युपिटर नोटबुक’ या स्वरूपात असतो. नोटबुक म्हणजे वहीच, पण चालती वही. एका चौकोनात साध्या भाषेत समजावून सांगितलेले असते, त्याखालच्या चौकोनात कोड असतो. बटण दाबले की उत्तर तिथेच खाली उमटते. आकडा बदला, पुन्हा दाबा, उत्तर बदलते. मुलाने काही बिघडवले तरी भीती नाही, मूळ वही जागेवर असते.

घरचेच उदाहरण घेऊ. विजेच्या बिलात पहिल्या 100 युनिटांना एक दर असतो, 101 ते 300 युनिटांना त्याहून जास्त, आणि पुढे आणखी चढता. 110 युनिट जळले तर सगळ्या 110 युनिटांना चढा दर लागतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर चढा दर फक्त वरच्या 10 युनिटांना लागतो. हा हिशेब वहीत मांडला की मूल ‘जर 100 पेक्षा जास्त असेल तर’ ही अट शिकते, आणि दादीला बिलातला वीज आकार कसा आला ते समजावूनही सांगते. स्थिर आकार आणि वीज शुल्क जोडणे हा पुढचा धडा.

या वहीची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली. फर्नांडो पेरेझ मूळचे कोलंबियाचे. अमेरिकेत भौतिकशास्त्रात संशोधन करत असताना 2001 मध्ये त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ‘आयपायथन’ नावाचे छोटे साधन लिहिले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. 2011 मध्ये ब्राउझरमध्ये उघडणारी वही आली, आणि 2014 मध्ये या कामाला ज्युपिटर हे नाव मिळाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकीय भाषांवरून ते घेतले आहे.

साधन खुले होते म्हणून शिक्षकांनी ते उचलले. प्राध्यापक लोरेना बार्बा यांनी 2013 मध्ये अर्जेंटिनातल्या दोन दिवसांच्या वर्गासाठी प्रवाही पदार्थांच्या अवघड गणिताच्या वह्या तयार केल्या. एकदम शेवटचे समीकरण न देता बारा पायऱ्या केल्या, आणि वर्ग संपल्यावर सगळ्या वह्या खुल्या परवान्याने जगासमोर ठेवल्या. दोन दिवसांच्या वर्गाचे धडे त्या वर्गाबाहेरच्या कितीतरी मुलांना मिळाले. बर्कले विद्यापीठात 2015 पासून ‘डेटा 8’ हा विषय अशाच वह्यांवर शिकवला जातो. तो कोडिंग कधी न केलेल्या, कोणत्याही शाखेच्या मुलांसाठी आहे, आणि त्याचे पाठ्यपुस्तक कुणालाही फुकट वाचता येते.

आपल्या जवळचे उदाहरण पवईचे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे पायथनच्या वह्यांत उतरवून सर्वांसाठी ठेवली आहेत. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मधल्या कितीतरी धड्यांना मराठी आवाज दिलेला आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. फुकट मिळणे वेगळे आणि खुले असणे वेगळे. फुकट धडा वाचता येतो. खुल्या धड्यात बदल करता येतो, त्याचा मराठीत अनुवाद करता येतो, आपल्या गावचे उदाहरण घालून तो पुढे देता येतो. त्यासाठी बनवणाऱ्याने तशी परवानगी लिहून ठेवावी लागते. मजकुरासाठी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ आणि कोडसाठी ‘एमआयटी’ असे तयार परवाने आहेत. परवाना नसेल तर चांगल्या मनाने ठेवलेली वहीसुद्धा कायद्याने बंदच राहते.

दुसरी अडचण वहीच्या स्वभावातच आहे. चौकोन कोणत्याही क्रमाने चालवता येतात आणि संगणक आधीचे सगळे लक्षात ठेवतो. त्यामुळे सरांच्या संगणकावर चालणारी वही मुलीच्या घरी अडते, कारण सरांनी मधला एक चौकोन पुसलेला असतो किंवा आकड्यांची फाइल त्यांच्याकडेच राहिलेली असते. मुलीला वाटते, आपल्यालाच जमत नाही. म्हणून वही कुणाला देण्यापूर्वी सगळे पुसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहावी आणि लागणारी फाइल सोबत द्यावी. एवढ्या दहा मिनिटांच्या कामावर एखाद्या मुलीचा आत्मविश्वास टिकतो.

संगणक घरी नसेल तर? ‘गुगल कोलॅब’वर या वह्या ब्राउझरमध्ये चालतात. गुगलचे खाते आणि इंटरनेट मात्र हवे. मोबाइलवरही उघडतात, पण लहान पडद्यावर कोड लिहिणे जिकिरीचे होते. म्हणून मोबाइलवरच्या मुलांसाठी वही करताना कोड आधीच लिहून द्यावा आणि बदलण्यापुरता आकडा मोकळा ठेवावा. लांबलचक टायपिंग शाळेच्या संगणकासाठी राखावे.

आता भाषेचा प्रश्न. पायथनमध्ये ‘इफ’, ‘फॉर’, ‘प्रिंट’ हे मोजके शब्द इंग्रजीच राहतात. पण समजावणारा मजकूर संपूर्ण मराठीत लिहिता येतो, आणि ‘युनिट’, ‘दर’, ‘बिल’ ही नावे कोडमध्येसुद्धा देवनागरीत चालतात. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलीला आधी इंग्रजी पक्के करून मग कोडिंगकडे वळण्याची गरज नाही. दोन्ही सोबत चालू शकते.

हे काम कुणी करायचे? आपल्या घरांत इंजिनिअरिंगला असलेला भाईजान आहे, बीएस्सी झालेली आपा आहे, शाळेत गणित शिकवणाऱ्या मॅडम आहेत. प्रत्येकाने वर्षात एकच वही केली तरी पुरे. विजेचे बिल, रेशनचा हिशेब, गावचा पाऊस, दुकानाचा नफा-तोटा, विषयांना तोटा नाही. एक धडा, एकच गोष्ट शिकवणारा. शेवटी परवान्याची एक ओळ, आणि पुढच्याने काय सुधारले ते लिहायला थोडी जागा.

क्लास लावायचाच असेल तर जरूर लावा. पण फी भरण्याआधी मुलाला एक खुली वही उघडून द्या आणि आठवडाभर पाहा. तो आकडे बदलून बदलून प्रश्न विचारू लागला, तर पुढे कुठे आणि किती खर्च करायचा हे तुम्हाला जास्त नीट ठरवता येईल.