स्वदेशी ब्राउझर : नाव बदलेल, विश्वासाचे काय?

नवी दिल्ली : संगणकावर वा मोबाइलवर कोणता ब्राउझर वापरायचा, हा आजवर ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न मानला गेला. केंद्र सरकारने तो आता धोरणाचा विषय केला आहे. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. तिचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला. एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहो कंपनीला मिळाले, तर ‘पिंग’ आणि ‘अज्ना’ हे संघ अनुक्रमे दुसरे व तिसरे आले. भारतीय भाषांची सोय, दिव्यांगांना सुलभ वापर आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षा ही या उपक्रमाची जाहीर उद्दिष्टे आहेत. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तांत्रिक असूनही थेट सार्वभौमत्वाशी भिडणारा आहे : एखादे संकेतस्थळ खरे की बनावट, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

प्रमाणपत्राचे राजकारण

बँकेचे किंवा सरकारी खात्याचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्याचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. ते देणारी संस्था ब्राउझरच्या विश्वासार्ह यादीत असेल तरच जोडणी निर्धोक मानली जाते. अन्यथा पडद्यावर धोक्याचा इशारा झळकतो. ही यादी प्रामुख्याने गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि मोझिला या अमेरिकी संस्था ठरवतात. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक कार्यरत आहेत. त्यांच्या व्यवस्थेतील डिजिटल स्वाक्षऱ्यांना कायद्याची मान्यता असली, तरी संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांबाबत तिला जागतिक ब्राउझरांची सर्वमान्यता नाही. परिणामी अनेक भारतीय संकेतस्थळे, त्यांत सरकारी संकेतस्थळेही, परदेशी संस्थांच्या प्रमाणपत्रांवर विसंबतात. म्हणूनच स्पर्धेतील ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र अंतर्भूत असावे, अशी अट होती.

या अविश्वासामागे एक घटना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे ‘एनआयसी’च्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे जुलै २०१४ मध्ये उघडकीस आले. अशा प्रमाणपत्राच्या आधारे त्रयस्थाला वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यामधील संवाद वाचता येऊ शकतो. नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. मात्र गुगलने त्यानंतर क्रोममध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या भारतीय संकेतस्थळांपुरती मर्यादित केली, तर मोझिलाच्या यादीत ते तेव्हाही नव्हते.

मूळ प्रमाणपत्राचा अधिकार किती संवेदनशील असतो, याचे दुसरे उदाहरण कझाकस्तानचे. तेथील सरकारने २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी मूळ प्रमाणपत्र उपकरणात बसवण्यास सांगितले. त्यामुळे पाळत ठेवण्याचा मार्ग खुला होतो, या कारणास्तव गुगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते प्रमाणपत्र अमान्य केले. भारताचा हेतू वेगळा आहे. तथापि स्वतंत्र तपासणी आणि चूक तत्काळ जाहीर करण्याची शिस्त यांवाचून हेतूची ग्वाही पुरेशी ठरत नाही.

इंजिन उसने, जबाबदारी स्वतःची

दुसरा प्रश्न इंजिनाचा. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझर क्रोमियम या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा आहे. क्रोमियमच्या विकासात गुगलचा वाटा सर्वांत मोठा आहे. यात वावगे काही नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही २०२० मध्ये स्वतःचे इंजिन सोडून ‘एज’साठी क्रोमियम स्वीकारले. बंगळुरूच्या कंपनीने २०१० मध्ये आणलेला ‘एपिक’ हा ब्राउझर आधी फायरफॉक्सच्या पायावर होता, पुढे तोही क्रोमियमकडे वळला. नवे इंजिन घडवणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे किती खर्चिक आहे, हे यातून दिसते.

उसन्या इंजिनासोबत एक जबाबदारी मात्र येते. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी आणि २०२३ पासून सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. क्रोमियमची संहिता खुली असल्याने दुरुस्ती प्रसिद्ध होताच त्रुटी कोठे होती, हे हल्लेखोरांनाही कळू शकते. त्या पायावरील ब्राउझरने तीच दुरुस्ती पोहोचवण्यास आठवडे लावले, तर वापरकर्ता तेवढा काळ उघडा पडतो. क्रोम आणि फायरफॉक्समधील त्रुटींबाबत ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय यंत्रणा वारंवार सूचनापत्रे काढते. प्रत्येकाचा सारांश ‘त्वरित अद्ययावत करा’ हाच असतो.

हा सल्ला पाळणे प्रत्येकाच्या हाती नाही. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ चा आधार काढला. ऑगस्ट २०२५ मधील १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० हे किमान बंधन आले. जुन्या फोनवर क्रोम चालू राहतो, पण नव्या दुरुस्त्या येत नाहीत. तोच फोन यूपीआय व्यवहारांसाठी आणि सरकारी योजनांच्या अर्जांसाठी वापरला जातो. विशेष प्रयत्न न झाल्यास क्रोमियमवरील भारतीय ब्राउझरकडेही ही मर्यादा वारशाने येईल, आणि सर्वाधिक गरज असलेला वर्गच बाहेर राहील.

निवड की सक्ती?

बहुतेक भारतीय फोनवर क्रोम आधीपासूनच असतो. फोनमध्ये पूर्वस्थापित ॲपच्या अटींसह विविध कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवून काही निर्देश रद्द केले. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून वापरकर्त्यासमोर ब्राउझरांची यादी ठेवून निवड करू देणे बंधनकारक आहे. भारतात असा नियम नाही.

अशा स्थितीत सरकारी सेवा भारतीय प्रमाणपत्रावर नेऊन नागरिकांना विशिष्ट ब्राउझरकडे वळवण्याचा मोह होऊ शकतो. दक्षिण कोरियाचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे ऑनलाइन बँकिंगची प्रमाणपत्र व्यवस्था ॲक्टिव्हएक्सवर बेतल्याने देश दीर्घकाळ इंटरनेट एक्सप्लोररशी जखडला गेला. ही अधिकृत प्रमाणपत्र पद्धत डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आली. इंटरनेट एक्सप्लोरर स्वतः जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

स्वदेशी ब्राउझरचे यश डाउनलोडच्या आकड्यांवरून जोखणे अपुरे ठरेल. सुरक्षा दुरुस्ती किती दिवसांत पोहोचते, प्रमाणपत्र यंत्रणेची तपासणी कोण करते आणि तिचा अहवाल जनतेसाठी खुला असतो का, जुन्या उपकरणांना किती काळ आधार मिळतो, या प्रश्नांची उत्तरे निर्णायक ठरतील. आणि सरकारी संकेतस्थळे कोणत्याही प्रमाणित ब्राउझरमध्ये विनासायास चालली, तरच नागरिकाने भारतीय ब्राउझर सक्तीने नव्हे, तर पसंतीने स्वीकारला, असे म्हणता येईल.