शॅल, विल आणि अर्धा गुण

मुलुंडास आमचे एक जुने विद्यार्थी राहतात. गेल्या महिन्यांत ते आपल्या नववींतील कन्येस घेऊन आमच्याकडे आले. तिच्या इंग्रजी निबंधांतील ‘व्हेन आय विल पास’ हे शब्द बाईंनीं खोडिले होते; पुढचें ‘आय विल वर्क हार्ड’ हें वाक्य मात्र तसेंच ठेविलें होतें. तें दाखवून विद्यार्थी म्हणाले, “गुरुजी, ह्याच वाक्यासाठीं आपण माझा अर्धा गुण कापला होता. वर्गाचें बक्षीस त्या अर्ध्या गुणानें गेलें.” ते हंसले, आम्हांस हंसूं आलें नाहीं.

आम्हीं पाठ केलेला नियम जॉन वॉलिस नामक इंग्रज गणितज्ञानें १६५३ सालीं आपल्या लॅटिन भाषेंत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत मांडिला होता. प्रथम पुरुषीं ‘शॅल’ म्हणजे केवळ भविष्य, ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी; द्वितीय व तृतीय पुरुषीं ह्याच्या उलट. संस्कृतांतही भविष्याचे लुट् व लृट् असे दोन लकार आहेत. पण तेथें भेद पुरुषावरून होत नाहीं, क्रिया आजच्या दिवसाबाहेरची आहे कीं काय ह्यावरून होतो.

आज तिन्ही पुरुषीं बहुधा ‘विल’च चालतें. ‘शॅल’ उरलें आहे तें ‘शॅल वुई गो?’ अशा विचारण्यांत आणि कायद्याच्या भाषेंत. तेथें तृतीय पुरुषींचें ‘शॅल’ बहुधा बंधन सांगतें. म्हणून इमारतीच्या पुनर्विकासाचा करार वाचतांना वडीलधाऱ्यांनीं त्या शब्दावर बोट ठेवून वाचावें.

बाईंनीं खोडिलेली चूक निराळी, व ती आपल्या घरची आहे. ‘मी पास होईन तेव्हां पेढे वाटीन’ ह्यांत मराठी दोन्ही ठिकाणीं भविष्य घालते. इंग्रजींत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अन्टिल’ ह्यांनीं वेळ किंवा अट सांगितली असतां त्या पोटवाक्यांत वर्तमान येतो: ‘व्हेन आय पास’. परंतु ‘तो केव्हां येईल हें मला ठाऊक नाहीं’ येथें ‘व्हेन ही विल कम’ हेंच शुद्ध. कारण तें पोटवाक्य वेळ सांगत नाहीं, काय ठाऊक नाहीं तें सांगतें. मुलांनीं ह्याचें नवल मानूं नये. आपणही ‘आलोंच’ म्हणतों तेव्हां भूतकाळाच्या रूपानें भविष्यच सांगतों. आणि निकटच्या भविष्यास वर्तमानाचें रूप चालतें, हें पाणिनीनेंही सांगून ठेविलें आहे.

राहिला तो अर्धा गुण. ‘मी मेहनत करीन’ हें त्या मुलाचें वचन होतें, नुसतें भविष्यकथन नव्हतें. म्हणजे आमच्याच जुन्या नियमानें त्याचें ‘विल’ शुद्ध होतें. आम्हीं पुरुष पाहिला, अर्थ पाहिला नाहीं. हें आम्हीं त्यांस कन्येदेखत सांगितलें. बक्षीस आतां परत देतां येत नाहीं; परंतु घरीं मुलांच्या वह्या पाहणाऱ्या वाचकांनीं तांबडी रेघ मारण्यापूर्वीं, लिहिणारास काय म्हणावयाचें होतें, एवढें त्यास विचारावें.