मेंदूवर मालकी कोणाची?

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. युद्धसाहित्याची किंमत श्रमिकाच्या देहाने चुकती होते, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. आता लष्करी संशोधनाचा मोर्चा देहाकडून मेंदूकडे वळला आहे. ही घटना दूरदेशीची असली, तरी तिचा संबंध जवाहरनगरशीही पोहोचतो.

मेंदूतील विद्युत्‌स्पंदने टिपून त्यांच्या साहाय्याने यंत्र चालवावयाचे, ही या संशोधनाची मूळ कल्पना. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'डार्पा' ही संस्था त्यावर कित्येक दशके सरकारी पैसा खर्च करीत आली आहे. २०१२ साली पिट्सबर्ग येथे मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका स्त्रीने केवळ विचाराच्या बळावर यांत्रिक हात हलविला आणि स्वतःला चॉकलेट भरविले. हा विज्ञानाचा निःसंशय मानवी विजय होता. परंतु त्याच स्त्रीकडून पुढे मेंदूद्वारेच एफ-३५ या लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरचे उड्डाण करविण्यात आले. ही गोष्ट २०१५ मध्ये जाहीर झाली. २०१८ च्या योजनेचा रोख तर उघडपणे धडधाकट सैनिकांवर होता. शस्त्रक्रियेवाचून त्यांचा मेंदू ड्रोनसारख्या यंत्रांशी जोडावयाचा होता. नाव अपंगांचे, तिजोरी जनतेची आणि उद्दिष्ट युद्धाचे, असा हा क्रम आहे.

लष्करी खर्चातूनच इंटरनेट जन्मले, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. अपंगाला हात द्यावयाचा असेल, तर तो पैसा आरोग्य खात्यामार्फत का खर्च होऊ नये? त्याहून गंभीर प्रश्न संमतीचा आहे. हुकमाच्या ताब्यातील सैनिकाची संमती ही मुक्त संमती नव्हे. पोटासाठी राबणाऱ्या कामगाराचीही नव्हे. चीनमधील काही कारखान्यांत कामगारांच्या टोप्यांत मेंदूलहरी टिपणारी साधने बसविल्याचे वृत्त २०१८ मध्येच आले होते. छावणीत सिद्ध झालेले तंत्र कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही.

भारतात संरक्षण संशोधन व विकास संस्था, म्हणजे डीआरडीओ, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग यांसंबंधीची माहिती वगळता तिला हा कायदा लागू होत नाही. शस्त्राचा आराखडा गुप्त राहणे समजू शकते. माणसाच्या मनावरील प्रयोग गुप्त राहणे लोकशाहीत बसत नाही.

म्हणून कामगार चळवळीने तीन मागण्या आताच मांडल्या पाहिजेत. मेंदूसंबंधीच्या प्रत्येक लष्करी संशोधनाची नोंद संसदेसमोर यावी. त्याचे फळ प्रथम अपंग सैनिकांना व जखमी कामगारांना विनामूल्य मिळावे. कोणत्याही नोकरीत मेंदूची तपासणी ही अट असू नये. श्रमशक्ती विकणारा माणूस आपले मन विकत नाही, हे तत्त्व साधने बाजारात येण्यापूर्वीच कायद्यात लिहिले गेले पाहिजे. नंतर ते लिहून घेणे फार महाग पडेल.