निवारा आणि घर : पनवेलच्या बेघरांचा प्रश्न

पनवेल परिसरात इमारतींची वाण नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा येथे मजल्यांवर मजले चढत आहेत आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर जागांच्या चढत्या भावाला आणखी एक कारण मिळाले. तथापि पुलाखाली, रेल्वे स्थानकाच्या आवारात, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रात्र काढणारी माणसे आपण येता-जाता पाहतोच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. त्यांतील सुमारे 1 लाख 11 हजार शहरांतील होते.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, असा दंडक घालून दिला. पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली. तिच्या क्षेत्राची लोकसंख्या 2011 मध्येच पाच लाखांवर होती. म्हणजे पाच निवारे तेव्हाच हवे होते. त्यानंतर वस्ती किती फुगली हे येथील रहिवाशांना सांगायला नको. निवारा आवश्यक आहेच. परंतु राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत त्यासाठी माणशी जागा धरली होती ती 50 चौरस फूट. तेथे माणूस टेकतो. संसार मांडू शकत नाही.

मग घर कोठे आहे? सिडकोने 2018 मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली व द्रोणागिरी येथील 14,838 घरांची सोडत जाहीर केली. त्यांतील 5,262 घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होती. पुढे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या दरांत तळोजाचे या गटातील घरही 25 लाखांपुढे गेले. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, बँकेचे कर्ज ही शिडी चढायला आधी पायाखाली जमीन लागते. पदपथावरील माणसाला स्वतःचा पत्ताच नसतो. त्याच्यासाठी विकत घ्यायचे घर स्वस्त की महाग, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला हवी आहे परवडणाऱ्या भाड्याची, कोणी अचानक बाहेर काढणार नाही अशी खोली.

अशा खोल्या आपल्या तालुक्यात बांधल्या गेल्या होत्या, हे अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. एमएमआरडीएने 2008 मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला वाढीव चटई क्षेत्र द्यायचे आणि त्याच्याकडून 160 चौरस फुटांच्या स्वयंपूर्ण खोल्या घ्यायच्या, अशी ती होती. कोन गावी अशा खोल्या उभ्या राहिल्या. परंतु योजनेतील ‘भाडे’ हा शब्दच पुढे गळून पडला. 2 डिसेंबर 2016 रोजी कोन येथील 2,417 घरे सोडतीने गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना मालकीहक्काने दिली गेली. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवाद आहे. त्यांनाही चाव्यांसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. मधल्या काळात, 2020 मध्ये, कोरोनाच्या विलगीकरणासाठी ती घरे घेतली गेली, त्यांची दुर्दशा झाली आणि दुरुस्ती कोणी करायची यावर एमएमआरडीए व म्हाडा यांच्यात वाद रंगला.

हा वादच आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. घर बांधणारा, वाटणारा आणि सांभाळणारा असे तिघे वेगळे असले की तिसरा कोणीच नसतो. भाड्याच्या घरांना असा सांभाळणारा प्रथम लागतो. न्यूयॉर्कमध्ये 1990 च्या दशकाच्या आरंभी रोझेन हॅगर्टी यांच्या संस्थेने टाइम्स स्क्वेअरजवळचे एक मोडकळीस आलेले हॉटेल नगरपालिकेच्या अर्थसाहाय्याने घेऊन 652 बिऱ्हाडे थाटली. निम्म्या जागा पूर्वी रस्त्यावर असलेल्यांसाठी आणि निम्म्या कमी वेतनाच्या नोकरदारांसाठी ठेवल्या. समाजसेवकांची कचेरी त्याच इमारतीत होती. भाडे थकले तर नोटीस चिकटवण्यापूर्वी कोणीतरी दार ठोठावून विचारते, औषधे संपली आहेत का, नोकरी गेली आहे का. प्रकल्प चालवणे म्हणजे मुख्यतः हेच. पाण्याच्या पंपाइतकीच मनाच्या आजाराचीही देखभाल.

आपल्याकडे असे मनुष्यबळ नाही असे नाही. नवीन पनवेलचा सील आश्रम रस्त्यावरील आजारी, निराधार माणसांना उचलून आणतो, बरे करतो आणि त्यांतील अनेकांना कुटुंबात परत पोहोचवतो. ज्यांना परतण्यासाठी कुटुंबच उरलेले नाही, त्यांनी बरे झाल्यावर जायचे कोठे? व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने 1987 च्या आंतरराष्ट्रीय निवारा वर्षानिमित्त काढलेल्या दस्तऐवजात बेघरपणाला अन्याय म्हटले, दानधर्माचा विषय नव्हे. धर्मग्रामातील अन्नदानाचे उपक्रम स्तुत्य आहेत; पण महापालिकेपुढे मागणी करताना हा फरक आपण ध्यानी धरावा.

मागणी अव्यवहार्य नाही. 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि त्याच्या लाभार्थ्यांत बेघर व निराधार यांचा उल्लेख आहे. नवी इमारत बांधण्याचीही पहिल्या दिवशी गरज नाही. जानेवारी 2024 मध्ये सिडकोला तळोजा व द्रोणागिरी येथील 3,322 शिल्लक घरांसाठी पुन्हा सोडतयोजना काढावी लागली होती. अशा न खपणाऱ्या घरांतील शंभर-दीडशे घरे महापालिकेने भाड्याने देण्यासाठी मागून घ्यावीत, प्रत्येक इमारतीत एक समाजसेवक नेमावा आणि त्याचे वेतन अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावे. नगरसेवकांना भेटताना प्रथम या शेवटच्या तरतुदीविषयी विचारावे, असे आम्ही सुचवतो.